यंत्र एक, खाती अनेक : ग्राफिक्स ड्रायव्हरची खातेवही
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकाच्या कर्नेलमधील ग्राफिक्स ड्रायव्हर आपल्या निरनिराळ्या ग्राहकांचा हिशेब कसा ठेवतो, हा तो विषय. विषय इंजिनिअर मंडळींचा आहे आणि मी कला शाखेचा पदवीधर आहे, हे खरे. परंतु या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो ज्याने म्हणून एखादे रजिस्टर सांभाळले आहे त्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. वस्तू एक, वापरणारे अनेक, आणि वापरणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही. अशा वेळी कोणाचे काय कोठे ठेवले आहे, कोणाला कशाचा अधिकार आहे, आणि कोणी न सांगता निघून गेला तर त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे काय करावयाचे, हा तो प्रश्न.

हा प्रश्न आपल्या घरापर्यंत कसा येतो ते पाहा. पुष्कळ घरांत एकच संगणक किंवा एकच फोन असतो. त्यावर वडील बँकेचे पान उघडतात, मुलगी धड्याचा व्हिडिओ पाहते, धाकटा मुलगा कोठून तरी उतरवून घेतलेला खेळ खेळतो. पडद्यावर दिसणारे हे सारे बहुधा एकाच ग्राफिक्स चिपमधून जाते. बँकेच्या पानाचे चित्र ज्या स्मृतीत तयार होते, त्या स्मृतीत डोकावण्याची मुभा त्या खेळाच्या प्रोग्रॅमला मिळता कामा नये. ही मुभा नाकारण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याच्या खातेवहीविषयी आज बोलावयाचे आहे.

कर्नेल आणि ड्रायव्हर

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. संगणक सुरू होताच जो मूळ प्रोग्रॅम सर्व कारभार हाती घेतो, त्याला कर्नेल म्हणतात. स्मृती कोणाला किती द्यावयाची, प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यावयाचा, हे कर्नेल ठरविते. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले लिनक्स हे असे एक कर्नेल आहे. त्याचा मजकूर कोणालाही वाचता येतो, म्हणून आजची सर्व उदाहरणे मी लिनक्समधून घेणार आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचेच कर्नेल असते. फोनमधील ग्राफिक्सचा ड्रायव्हर चिप बनविणाऱ्या कंपनीप्रमाणे निराळा असू शकतो, पण खाते ठेवण्याची गरज सर्वांना सारखीच आहे.

कर्नेलमधील जो भाग एखाद्या विशिष्ट यंत्राशी बोलतो, तो त्या यंत्राचा ड्रायव्हर. ग्राफिक्स चिपशी बोलणारा तो ग्राफिक्स ड्रायव्हर. लिनक्समध्ये अशा सर्व ड्रायव्हरांसाठी एक सामाईक व्यवस्था आहे. तिला 'डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर' किंवा थोडक्यात 'डीआरएम' म्हणतात.

ही व्यवस्था मुळात का करावी लागली? १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'एक्स विंडो सिस्टिम' जन्माला आली. त्या पद्धतीत चित्रे काढणारा एकच कारभारी प्रोग्रॅम असे. बाकीचे प्रोग्रॅम त्याला 'येथे रेघ काढ, तेथे अक्षर लिही' अशी विनंती करीत, आणि यंत्राला हात लावण्याचे काम तो एकटाच करी. यंत्राला हात लावणारा एकच असेल, तर कर्नेलला फारशी खातेवही लागत नाही. पुढे त्रिमितीय चित्रांचे युग आले. हजारो त्रिकोणांचा तपशील दर क्षणाला कारभाऱ्याच्या मार्फत पाठविणे परवडेना. प्रत्येक प्रोग्रॅमला आपले काम थेट चिपकडे पाठविता यावे म्हणून १९९९ च्या सुमारास डीआरएमची रचना पुढे आली, आणि जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.४ मध्ये ती समाविष्ट होती. एका कारभाऱ्याच्या जागी अनेक ग्राहक आले आणि खातेवहीची गरज तेथून वाढत गेली.

ग्राहक म्हणजे नेमका कोण?

येथे विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे. आपल्याला वाटेल, ग्राहक म्हणजे एक माणूस किंवा एक प्रोग्रॅम. तसे नाही. लिनक्समध्ये यंत्रसुद्धा फाइलीच्या रूपाने दिसते. 'डेव्ह' या फोल्डरात 'डीआरआय' नावाचे पोटफोल्डर असते व त्यात ग्राफिक्स चिपच्या नावाची फाइल असते. प्रोग्रॅम ती फाइल उघडतो, त्या क्षणी कर्नेल त्याच्या नावे एक नवे खाते उघडते. खाते माणसागणिक उघडत नाही, प्रोग्रॅमगणिकही उघडत नाही. फाइल जितक्या वेळा उघडली जाते तितकी खाती होतात.

बँकेचे उदाहरण घ्या. एकाच माणसाची दोन बचत खाती असू शकतात. दोहोंच्या शिलका वेगळ्या. उलट नवरा-बायकोचे एकच जोडखाते असू शकते. माणसे दोन, शिल्लक एक. येथेही तसेच आहे. एकाच प्रोग्रॅमने फाइल दोनदा उघडली, तर तो कर्नेलच्या दृष्टीने दोन ग्राहक झाला. एका प्रोग्रॅमने फाइल उघडून मग स्वतःची दुसरी प्रत निर्माण केली, तर दोन्ही प्रती एकाच खात्यावर व्यवहार करतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ही गोष्ट विसरून 'एक प्रोग्रॅम म्हणजे एक ग्राहक' असे गृहीत धरले, की हिशेबात गोंधळ ठरलेलाच.

खात्यात काय नोंदलेले असते?

शाळेच्या रजिस्टरात विद्यार्थ्याच्या नावापुढे रकाने असतात. तसे या खात्यातही रकाने आहेत. त्यांतील मुख्य तेवढे सांगतो.

पहिला रकाना अधिकाराचा. पडद्याचा आकार बदलणे, पडद्यावर कोणते चित्र दाखवावयाचे ते ठरविणे, हे काम एका वेळी एकाच ग्राहकाकडे असते. त्याला 'मास्टर' म्हणतात. सर्व खिडक्या एकत्र मांडून दाखविणारा प्रोग्रॅम बहुधा मास्टर असतो. बाकीच्यांनी आपापली चित्रे तयार करावीत, पडद्याला हात लावू नये.

दुसरा रकाना ग्राहकाच्या मालमत्तेचा. चित्रासाठी घेतलेल्या स्मृतीच्या तुकड्यांची ही यादी. हिच्याविषयी पुढे सविस्तर बोलू.

तिसरा रकाना टपालाचा. 'तुझे चित्र पडद्यावर गेले' अशा बातम्या कर्नेल ग्राहकाच्या नावाने साठवून ठेवते, व त्याने त्या वाचाव्यात अशी अपेक्षा असते. आता एखादा ग्राहक टपाल उचलतच नसेल तर? पत्रांचा ढीग वाढत जाईल आणि कर्नेलची स्मृती त्यात खर्ची पडेल. म्हणून प्रत्येक खात्याला टपालासाठी ४०९६ बाइटची जागा नेमून दिलेली आहे. ती भरली, की त्या ग्राहकाची नवी मागणी नाकारली जाते. आळस एकाचा, तर अडचणही त्या एकाचीच. शेजाऱ्याला तोशीस नाही.

शेवटचा रकाना ज्या त्या ड्रायव्हरचा खाजगी. इंटेलच्या चिपचा ड्रायव्हर आपल्याला हवे ते लिहील, एएमडीचा आपल्याला हवे ते. सामाईक व्यवस्था त्यात ढवळाढवळ करीत नाही.

हजेरी क्रमांक आणि जनरल रजिस्टर

आता मालमत्तेच्या यादीकडे वळू. २००८ साली इंटेलच्या कीथ पॅकार्ड आणि एरिक ॲनहोल्ट यांनी 'जेम' नावाची व्यवस्था तयार केली. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या लिनक्स २.६.२८ मध्ये ती दाखल झाली. प्रोग्रॅमने स्मृतीचा तुकडा मागितला, की कर्नेल तुकडा देते आणि त्याबरोबर एक क्रमांक देते. या क्रमांकाला 'हँडल' म्हणतात.

हँडल हा आपल्या वर्गातील हजेरी क्रमांकासारखा आहे. आठवी 'अ' मधला सातवा क्रमांक आणि आठवी 'ब' मधला सातवा क्रमांक ही दोन निराळी मुले आहेत. नुसते 'सात' म्हणून मूल सापडत नाही. वर्ग सांगावा लागतो. त्याचप्रमाणे माझ्या खात्यातील हँडल सात आणि तुमच्या खात्यातील हँडल सात यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एखाद्या लबाड प्रोग्रॅमने एकपासून लाखापर्यंत सर्व क्रमांक उच्चारून पाहिले, तरी त्याला फक्त स्वतःच्याच वस्तू सापडतील. दुसऱ्याच्या वहीचे पान त्याच्यापुढे उघडतच नाही. सुरक्षिततेची ही पहिली पायरी आहे, आणि ती केवळ वह्या वेगळ्या ठेवल्यामुळे साधली आहे.

परंतु प्रोग्रॅमांना वस्तू एकमेकांना द्याव्याही लागतात. ब्राउझरने पान रंगविले. ते खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅमकडे गेल्यावाचून पडद्यावर दिसणार कसे? यासाठी प्रथम जी युक्ती योजली ती अशी. तुकड्याला सर्व यंत्रासाठी मिळून एक सार्वत्रिक क्रमांक द्यावयाचा. शाळेत हजेरी क्रमांक वर्गापुरता असतो, पण जनरल रजिस्टरचा क्रमांक साऱ्या शाळेत एकच असतो, तशातला हा प्रकार. एकाने तो क्रमांक दुसऱ्याला सांगावयाचा, दुसऱ्याने तो उच्चारून वस्तू घ्यावयाची.

सोय झाली, पण कुंपणाला भगदाड पडले. सार्वत्रिक क्रमांक हा साधा आकडा असतो आणि आकड्याचा अंदाज करता येतो. ज्याला कोणी काही दिलेले नाही असा तिसराच ग्राहक एक, दोन, तीन असे म्हणत गेला, की कोणाच्या तरी चित्रापर्यंत पोचे. वह्या वेगळ्या ठेवून जे मिळविले होते, ते या एका सोयीने गमावले.

यावरचा उपाय २०१२ साली लिनक्स ३.३ मध्ये आलेल्या 'डीएमए-बफ' या व्यवस्थेने मिळाला. यात क्रमांक उच्चारून वस्तू मिळत नाही. देणारा ती वस्तू एका उघडलेल्या फाइलीच्या रूपात घेणाऱ्याच्या हातात ठेवतो. हे हस्तांतर कर्नेलच्या देखरेखीखाली होते. जनरल रजिस्टरचा क्रमांक कोणीही पुटपुटू शकतो, पण बंद लिफाफा ज्याच्या हातात दिला त्याच्याच हातात असतो. घेणाऱ्याच्या खात्यात मग त्या वस्तूला त्याचा स्वतःचा नवा हजेरी क्रमांक मिळतो. आणखी एक बारकावा असा, की तीच वस्तू त्याच ग्राहकाकडे पुन्हा आली तर ड्रायव्हर दुसरा क्रमांक देत नाही. वही पाहून पहिलाच परत सांगतो. एका मुलाचे नाव हजेरीपटात दोनदा चढले तर कसा घोटाळा होतो, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१३ साली, लिनक्स ३.१२ मध्ये वेगळे दारच बांधले गेले. ज्यांना नुसते चित्र वा गणित करावयाचे आहे, पडद्याशी कर्तव्य नाही, त्यांनी या दाराने यावे. या फाइलींचे क्रमांक १२८ पासून सुरू होतात. या दाराने आलेल्या ग्राहकाला पडदा बदलता येत नाही आणि ते जुने सार्वत्रिक क्रमांकही वापरता येत नाहीत. २०१४ साली लिनक्स ३.१७ पासून हे दार नेहमीसाठी उघडे राहू लागले.

मोजणीचे काम

एकच वस्तू दोघा-तिघांच्या खात्यांत नोंदली गेली, म्हणजे ती परत कधी घ्यावयाची, असा प्रश्न येतो. पहिल्याने 'मला नको' म्हटले म्हणून ती मोडून टाकली, तर दुसऱ्याच्या हातातली वस्तू नाहीशी होईल. म्हणून प्रत्येक वस्तूवर एक आकडा लिहिलेला असतो : तिच्यावर सध्या किती जणांचा हक्क आहे तो. नवा हक्कदार आला की एक वाढवावयाचा, गेला की एक कमी करावयाचा, आणि शून्य झाल्यावरच वस्तू मोडावयाची. चिपवर जे काम चालू असते, तेही एक हक्कदार धरले जाते.

ऐकावयास हे सोपे वाटते, पण यातच पुष्कळ चुका होतात. एक उदाहरण सांगतो, ते विद्यार्थ्यांनी मनात ठेवावे. ड्रायव्हरने नवी वस्तू तयार केली, ग्राहकाच्या वहीत क्रमांक लिहिला, आणि मग वस्तूची राहिलेली मांडामांड करावयास घेतली. आपल्याला वाटते, क्रमांक अजून ग्राहकाला सांगितलेला नाही, तेव्हा घाई नाही. पण क्रमांक ओळीने जातात. त्याच ग्राहकाचा दुसरा धागा, म्हणजे त्याच प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग, पुढचा क्रमांक कोणता ते ओळखून 'तो क्रमांक बंद करा' असे सांगू शकतो. वहीतील नोंद गेली, आकडा शून्य झाला, वस्तू मोडली. आणि ड्रायव्हर मात्र मोडलेल्या वस्तूवरच काम करीत बसला. अशा फटीतून कर्नेलचा ताबा मिळविण्याचे प्रयत्न होतात. म्हणून जाणते लोक नियम सांगतात, की वहीत नाव चढविणे हे सर्वांत शेवटचे काम असावे, आणि तोवर एक हक्क ड्रायव्हरने स्वतःकडे राखून ठेवावा. आधी सर्व कागद पुरे करा, मग हजेरीपटात नाव लिहा.

पाटी पुसली का?

स्मृतीचे तुकडे वेगळे ठेविले, तरी चिप तर एकच आहे. ती आलटून पालटून सर्वांची कामे करते. म्हणून प्रत्येक खात्यामागे चिपच्या अवस्थेची एक नोंद ठेवावी लागते. तिला 'कॉन्टेक्स्ट' म्हणतात. ग्राहक बदलला, की पहिल्याची अवस्था जपून ठेवावयाची आणि दुसऱ्याची आणून मांडावयाची. अलीकडच्या चिपांत प्रत्येक ग्राहकाला स्मृतीचे पत्तेही स्वतंत्र मिळतात. एकाच्या नकाशात दुसऱ्याचे घर दाखविलेलेच नसते.

हे सर्व असूनही गफलत कशी होते, याची तीन उदाहरणे अलीकडची आहेत.

जानेवारी २०२० मध्ये इंटेलच्या काही पिढ्यांतील ग्राफिक्स चिपांविषयी एक दोष जाहीर झाला. एका ग्राहकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होताना चिपच्या आतील छोट्या स्मृतीत पहिल्याची माहिती तशीच राहत असे. आधीच्या तासाच्या शिक्षकांनी फळा न पुसता वर्ग सोडावा, आणि पुढच्या वर्गाने तो वाचावा, तसे हे झाले. उपाय म्हणून काम बदलताना ती जागा साफ करण्याची तजवीज करावी लागली.

जानेवारी २०२२ मध्ये इंटेलच्याच लिनक्स ड्रायव्हरमध्ये दुसरा दोष दुरुस्त झाला. दर वेळी मोठा नकाशा उलगडून पत्ता शोधण्यापेक्षा चिप नुकतेच पाहिलेले पत्ते एका लहानशा टिपणात ठेवते. ग्राहकाने तुकडा परत केला आणि कर्नेलने तो दुसऱ्या कोणाला दिला, तरी चिपजवळचे ते टिपण खोडले जात नव्हते. जुन्या टिपणाच्या आधारे आधीचा ग्राहक नव्या मालकाच्या घरात शिरू शके. वहीतील नोंद खोडली होती, पण खिशातली चिठ्ठी फाडलेली नव्हती.

तिसरे उदाहरण जानेवारी २०२४ चे. 'ट्रेल ऑफ बिट्स' या संस्थेच्या संशोधकांनी दाखविले, की ॲपल, क्वालकॉम, एएमडी आणि इमॅजिनेशन या कंपन्यांच्या काही चिपांत एका ग्राहकाने मागे ठेवलेली माहिती दुसऱ्याला वाचता येते. त्यांनी त्याच यंत्रावर चाललेल्या दुसऱ्या माणसाच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संभाषणातील उत्तरे त्या उरल्यासुरल्या माहितीवरून पुन्हा जुळवून दाखविली. तेथे कोणी कुलूप तोडले नव्हते. साफसफाई राहून गेली होती एवढेच.

दाखला देताना

शाळेत नाव घालण्यापेक्षा नाव काढताना काम जास्त असते, हे कार्यालयातील मंडळी जाणतात. ग्रंथालयाची पुस्तके आली का, प्रयोगशाळेचे साहित्य जमा झाले का, हे पाहून मग दाखला मिळतो. ग्राहकाने फाइल बंद केली, की ड्रायव्हरलाही असेच करावे लागते. न वाचलेले टपाल टाकून द्यावयाचे, प्रत्येक हँडल मिटवावयाचे, त्याने पडद्यासाठी मांडलेली चित्रे काढावयाची, कॉन्टेक्स्ट सोडवावयाचे, आणि शेवटी खाते बंद करावयाचे.

सभ्य प्रोग्रॅम जाताना स्वतःच आवराआवर करतो. पण प्रोग्रॅम मध्येच कोसळतो, किंवा वापरणारा त्याला सक्तीने बंद करतो. अशा वेळी तो आवरेल अशी आशा ठेवून चालत नाही. तो कसाही गेला, तरी त्याने उघडलेल्या फाइली कर्नेल बंद करतेच. आणि सर्व व्यवहार त्या फाइलीच्या खात्यावर नोंदलेला असल्याने मागे काय राहिले ते वही पाहून कळते. खाते वेगळे ठेवण्याचा सर्वांत मोठा लाभ येथे दिसतो. वहीत नसलेली वस्तू मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. ती संगणक बंद होईपर्यंत जागा अडवून बसते.

आणखी एक पेच असा. ग्राहक गेला, पण त्याने दिलेले काम चिपवर अजून चालू आहे. मुलगा घरी गेला आणि प्रयोगशाळेत त्याचे भांडे अजून उकळते आहे! ते भांडे फोडून चालत नाही. कामाचा वस्तूंवर स्वतंत्र हक्क असल्यामुळे काम संपेपर्यंत वस्तू राहतात. पण त्या कामाच्या कागदावर 'हे अमुक खात्याचे' असे लिहिलेले असेल, आणि खाते तर आता मिटले असेल, तर पुढे तो कागद पाहणारा नाहीशा झालेल्या पानावर जाऊन आदळेल. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी खाते मिटविण्यापूर्वी त्या ग्राहकाची चालू कामे एकेक करून पाहत व त्यांवरील खात्याचे नाव खोडीत. काम चालू राही, पण मेलेल्या खात्याकडे बोट दाखवीत नसे.

शिक्षा कोणाला?

खात्यांचा आणखी एक उपयोग न्यायाचा आहे. एखाद्या ग्राहकाने असे काम दिले की चिप अडकून बसली, तर ड्रायव्हरला ती पुन्हा सुरू करावी लागते. त्या वेळी कोणाचे काम अडकले आणि कोणाची कामे विनाकारण रांगेत खोळंबली, हे पाहिले जाते. ग्राफिक्सच्या शास्त्रात यांना 'दोषी' आणि 'निर्दोष' असेच शब्द आहेत. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये वारंवार दोषी ठरणाऱ्या ग्राहकाला पुढील काम देण्यास बंदी होते. बाकीचे आपापले काम पुढे चालवितात. एकाने गोंधळ केला म्हणून सबंध वर्ग उभा करण्याची पद्धत येथे नाही, आणि ती नाही याचे कारण गोंधळ कोणी केला हे वहीवरून सांगता येते. जेथे वही नसते, तेथेच सर्वांना सरसकट शिक्षा होते.

तसेच वापराचे. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये २०२२ सालापासून प्रत्येक ग्राहकाने चिपचा किती वेळ घेतला तो आकडा बाहेरून पाहता येतो. लिनक्सवर 'प्रॉक' या फोल्डरात प्रत्येक चालू प्रोग्रॅमचे एक पोटफोल्डर असते. त्यातील 'एफडीइन्फो' मध्ये ग्राहकाचा क्रमांक आणि चिपचा वापर नॅनोसेकंदांत लिहिलेला सापडतो. संगणक एकाएकी मंदावला, तर नुसता संशय घेण्यापेक्षा हे पाहावे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकहो, यातून आपण एवढेच घ्यावे. फोन किंवा संगणक 'नवी सुधारणा आली आहे, बसवू का?' असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न पुढे ढकलू नका. मघाशी सांगितलेले दोष अशा सुधारणांतूनच मिटविले जातात. तसेच, ज्या यंत्रावर घरचा पैशाचा व्यवहार होतो, त्यावर कोठूनही आणलेले खेळ बसवू देऊ नका. खाती वेगळी असली, तरी वही लिहिणारी माणसेच आहेत आणि माणसाच्या हातून एखादी ओळ राहून जाते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला मात्र जास्त सांगावयाचे आहे. लिनक्सचा सर्व मजकूर वाचावयास मोकळा आहे, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर कसा लिहावा याचे मार्गदर्शन कर्नेलच्या कागदपत्रांतच दिलेले आहे. सी भाषा थोडी अवगत झाली, की डीआरएमच्या विभागातील ज्या फाइलीत खाते उघडणे आणि मिटविणे लिहिले आहे, ती वाचावयास घ्या. वाचताना दोन रकाने आखलेला कागद जवळ ठेवा. खाते उघडताना जे जे घेतले ते डावीकडे लिहा. मिटविताना जे जे परत केले ते उजवीकडे लिहा. मग दोन्ही बाजू जुळवून पाहा. डावीकडे आहे पण उजवीकडे नाही, अशी एखादी ओळ दिसली, तर तेथे थांबून विचार करा. ती गोष्ट दुसरीकडे परत केली असेल, किंवा तुम्हांला खराखुरा दोष सापडला असेल. जमाखर्च तपासण्याची ही जुनी रीत मोठमोठे इंजिनिअरही वापरतात, आणि ती शिकण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

पहिल्या वाचनात सर्व कळेल अशी अपेक्षा धरू नका. रोज एक पान वाचा. न कळलेला शब्द वहीत लिहा. आठवड्याने ती वही उघडली, की निम्मे शब्द ओळखीचे झालेले दिसतील.

तात्पर्य, अनेकांनी एक वस्तू वापरावयाची असेल, तर प्रत्येकाचे खाते वेगळे हवे, दुसऱ्याला वस्तू द्यावयाची ती समक्ष हातात द्यावी, आणि जाणाऱ्याच्या मागची आवराआवर वही पाहून पुरी करावी. पडद्यावर चित्र उमटते ते सर्वांना दिसते. त्यामागची ही वही कोणाला दिसत नाही. पण ती नीट लिहिलेली असते, म्हणूनच एकाचे चित्र दुसऱ्याच्या डोळ्यांपासून सुरक्षित राहते.